जरा बरं नाही खातं

आप्पांना कोणी नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नाहीत. "पोट साफ होतंय ना?" असं विचारतात. समोरचा नुसतं ‘हो’ म्हणाला तर त्यांचा चेहरा पडतो. ‘तसं होतं, पण...’ म्हणाला की त्यांची खुर्ची वीतभर पुढे सरकते. त्या ‘पण’वर आप्पांचं अख्खं वैद्यक उभं आहे.

कासारवाडीपासून चाकणपर्यंत एकही सोसायटी अशी नसेल जिच्यात एक आप्पा नाहीत. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे बापू, कुठे नुसतंच भाऊ. लक्षणं मात्र सारखी. वय सत्तरीच्या पुढे. प्रकृती ठणठणीत, त्यामुळे स्वतःवर प्रयोग करायला फारसा वाव नाही आणि शेजाऱ्यांवर अवलंबून राहावं लागतं. पँटच्या खिशात बामाची चपटी डबी, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी नाकात ओढायची नळी. लिफ्टमधून आप्पा नुकतेच गेले हे वासावरून कळतं, आणि कुणाकडे गेले हेसुद्धा. निलगिरीचा वास असेल तर पहिल्या मजल्यावरची सर्दी, ओव्याचा असेल तर दुसऱ्या मजल्यावरचं पोट, आणि आयोडेक्सचा असेल तर चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा उजवा गुडघा.

आमचे आप्पा पिंपरीचे, राहायला संत तुकारामनगरात. सगळी हयात हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये गेली. पिंपरीत ‘एचए’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. १९५४ साली कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हात दिला आणि १९५५ पासून पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तेव्हा इथे ना टेल्को होती, ना बजाज. एमआयडीसीचा तर जन्मही व्हायचा होता. आप्पा हे सगळं अशा अधिकाराने सांगतात की नव्या माणसाला वाटावं, कुदळ यांनीच मारली. प्रत्यक्षात ते लागले सत्तरच्या दशकात, फर्मेंटेशनला. तिथे दुमजली-तिमजली टाक्यांत बुरशी वाढवायची. तिला खायला मक्याचा अर्क आणि दुधातली साखर, श्वासाला निर्जंतुक हवा, ठरलेलं तापमान आणि रात्रंदिवस ढवळणं. आप्पा त्या बुरशीबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटतं, घरातल्या पहिलटकरणीची विचारपूस चालली आहे. "रात्री दोनला बघितलं तेव्हा छान होती. चारला जरा गरम लागली." कंपनीच्या नावावरून ठेवलेलं हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध तर त्यांना घरातल्या माणसाइतकं जवळचं. "बुरशी वाढवणारेही आम्हीच, मारणारेही आम्हीच," हे वाक्य ते वर्षातून निदान एकदा, बहुधा गणपतीत, म्हणतात.

टाकीत बाहेरचा एखादा जंतू शिरला की अख्खी बॅच गटारात जाते. हे ज्याने उभं राहून पाहिलं त्याला जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल पहिला प्रश्न एकच पडतो: "बॅच नंबर काय?" आप्पांनी तो लग्नातल्या जिलबीबद्दल विचारला आहे, सत्यनारायणाच्या शिऱ्याबद्दल विचारला आहे आणि एकदा चाकणच्या बाजारात कांदेवाल्यालाही विचारला आहे. कांदेवाल्याने शांतपणे "सात" असं सांगितलं. आप्पांचं समाधान झालं.

असा माणूस घरात एखादी क्रोसिन ठेवेल आणि बाकी डॉक्टरांवर सोपवेल असं वाटतं ना? तर आप्पांच्या घरी गोदरेजच्या कपाटाचा अख्खा एक कप्पा औषधांचा आहे. त्याची रचना देहाप्रमाणे आहे. वरच्या फळीवर डोकं: पिवळं अमृतांजन, झंडू बाम, निलगिरी, माक्याचं तेल. मधल्या फळीवर छाती आणि पोट: सितोपलादि, हिंगाष्टक, कुटजारिष्ट, इसबगोल, इनो आणि ग्राइप वॉटर. खालच्या फळीवर गुडघे: महानारायण तेल, आयोडेक्स, कसली तरी हिरवी बाटली. तळपाय बुटांच्या रॅकवर, काशाच्या वाटीसकट. कैलासजीवन मात्र सगळ्या फळ्यांवर एकेक, कारण ते नेमकं कुठल्या खात्यात टाकायचं याचा निर्णय अजून व्हायचा आहे.

‘खातं’ हा आप्पांचा शब्द. कारखान्यात माणूस ज्या खात्यात लागतो त्या नजरेने पुढे संसाराकडेही बघतो. गॅस संपला तर ते ‘स्टोअर्स’ला कळवतात, म्हणजे बायकोला, आमच्या काकूंना. वीज गेली तर ‘मेन्टेनन्स’ला, म्हणजे मुलाला. औषध हे खातं स्वतःकडे, आणि त्यात भरती बंद.

आप्पांचे उपचार तीन वाक्यांत आटपतात. पहिलं, बाटली देताना: "गुण आला तर आला, अपाय तर नाही ना!" दुसरं, मात्रा सांगताना: "एक झाकण." चमचा हे माप त्यांना मान्य नाही, चमचे घरोघरी वेगळे असतात, झाकण कंपनीचं असतं. आणि तिसरं, औषध पोटात गेल्यावर दोन मिनिटांनी, तोंडाकडे एकटक बघत: "हलकं वाटतंय ना?" वाटलं नाही तरी ‘हो’ म्हणावं. ‘नाही’ म्हणालात तर दुसरं झाकण येतं.

औषधाबरोबर इतिहास फुकट. अमृतांजन लावताना ते सांगतील की काशीनाथुनी नागेश्वर राव पंतुलु या आंध्रातल्या माणसाने १८९३ साली मुंबईत हा बाम काढला, गाण्याच्या मैफलींत फुकट वाटला, आणि बामाच्या कमाईतून पुढे ‘आंध्रपत्रिका’ हे वर्तमानपत्र चालवलं. "म्हणजे बघ, आधी लोकांचं डोकं उतरवलं आणि मग पेपर काढून परत चढवलं." आसवाची बाटली निघाली की १८७२ सालचं पनवेलचं धूतपापेश्वर निघतं. अमृतधारा निघाली की थेट लाहोर. १९०१ साली पंडित ठाकुरदत्त शर्मांनी काढलेलं हे औषध इतकं चाललं की लाहोरात अमृतधारा नावाची इमारत झाली, रस्ता झाला आणि पोस्ट ऑफिसही झालं. "आमच्या पेनिसिलिनच्या नावाने पिंपरीत एक बसस्टॉप तरी आहे का?" हे दुःख आप्पा दरवेळी नव्याने करतात.

अमृतधारेचा प्रयोग दर मे महिन्यात सोसायटीतल्या पोरांसमोर होतो. काचेच्या कोरड्या बाटलीत भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल टाकायचं. तिन्ही खडे, तिन्ही कोरडे. पाण्याचा थेंब नाही, विस्तव नाही. बूच लावून बाटली हातात फिरवली की थोड्या वेळाने तिन्हींचं पाणी होतं. पोरं आ वासून बघतात. आप्पा विजयी मुद्रेने म्हणतात, "जादू नाही. तिघं एकत्र आले की वितळायचं तापमान खाली येतं. विज्ञान!" आणि लगेच दोन थेंब साखरेवर टाकून सगळ्यात लहान पोराच्या तोंडात. विज्ञानाचं पुढचं पाऊल ते पोरगं पळत पळत टाकतं.

आसव-अरिष्टांच्या बाबतीत तर ते स्वतःला त्याच धंद्यातले समजतात. गूळ, पाणी, औषधं आणि धायटीची फुलं मडक्यात घालून बंद केली की आतल्या आत आंबून मद्यार्क तयार होतो, हे कळल्यापासून दशमूलारिष्टाकडे ते कनिष्ठ सहकाऱ्याकडे बघावं अशा नजरेने बघतात. "फर्मेंटेशनच आहे. फक्त हवा सोडत नाहीत. आणि शिफ्ट इन्चार्ज नसतो." द्राक्षासव ते वासावरून पास किंवा नापास करतात. पास झालेल्या द्राक्षासवाची तपासणी मात्र रोज रात्री, जेवणानंतर, झाकणाने चालते.

एकदा मी त्यांना विलायतेतल्या त्यांच्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडे जाहिरातीतल्या औषधांचा नुसता पूर आला होता. टॉमस होलोवे नावाच्या गृहस्थाने १८३७च्या सुमाराला एक मलम काढलं, मागोमाग गोळ्या काढल्या आणि पैसा मिळेल तो जाहिरातीत ओतला. जगभरच्या भाषांत त्याच्या जाहिराती छापून यायच्या. ताप, संधिवात, जखमा, पोट, सगळ्याला तेच मलम आणि त्याच गोळ्या. माणूस इतका गब्बर झाला की त्याने लंडनजवळ मनोरुग्णांसाठी टोलेजंग इस्पितळ आणि मुलींसाठी कॉलेज बांधलं. कॉलेजचं उद्घाटन १८८६ साली खुद्द राणीने केलं. होलोवे तीन वर्षं आधीच गेला होता.

"कशाने गेला?" आप्पांनी विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. "म्हणजे मलम लावलं नसणार," आप्पा म्हणाले.

मग जॉन कोलिस ब्राउन. हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतला डॉक्टर. पटकीवर म्हणून त्याने क्लोरोडाइन नावाचं औषध बनवलं: त्यात अफूचा अर्क, गांजा आणि क्लोरोफॉर्म. ते पुढे घरोघर पोचलं. आप्पांनी घटकद्रव्यं दोनदा वदवून घेतली. "लक्षात आलं. पटकी राहायची, तक्रार जायची." त्यांच्या आवाजात धिक्कार होता, पण कारागिराला कारागिराबद्दल वाटतं ते थोडंसं दुसरंही काही होतं.

खरा जीव जडला तो बीचमवर. टॉमस बीचम हा लहानपणी ऑक्सफर्डशरात मेंढ्या राखणारा माणूस, धंदा थाटला तो पुढे लँकेशरात. त्याच्या गोळ्यांची जाहिरात होती की डबीची खरी किंमत एक गिनी आहे. विकायचा मात्र तेरा पेन्स आणि वर अर्ध्याला. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून ‘सीक्रेट रेमिडीज’ नावाचं पुस्तकच काढलं. जाहिरातींवर पोट असलेल्या कित्येक वर्तमानपत्रांनी त्या पुस्तकाची जाहिरात घ्यायलाही नकार दिला. त्यात निघालं की बीचमच्या गोळीत आहे कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा हिस्सा.

आप्पांनी डोळे मिटून हिशेब केला. वरच्या खिशातली नळी एकदा ओढली आणि म्हणाले, "एकशे आठ पट."

मी कागदावर मांडून बघितलं. साडेतेरा गुणिले आठ. बरोबर एकशे आठ.

"जपाच्या माळेत असतात तेवढे," आप्पा हात जोडून म्हणाले. "धंद्यात नियम पाळणारा माणूस होता. आणि कोरफड, सुंठ, साबण! यात वाईट काय आहे? पोट आतून धुतलं आणि बाहेर पडताना हातही धुतले."

पण त्यांना खरा गहिवर आला तो पुढच्या भागाने. त्याच गोळ्यांवर उभ्या राहिलेल्या बीचम कंपनीने पुढे संशोधनशाळा काढली, आणि १९५७ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिनचा गाभाच वेगळा काढून दाखवला. त्यातून अ‍ॅम्पिसिलिन आलं, अ‍ॅमॉक्सिसिलिन आलं, आणि आज मेडिकलच्या दुकानात मिळणारी अर्धी पाकिटं आली. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. जुलाबाच्या गोळीच्या पैशातून पेनिसिलिन! त्यांच्या आयुष्यातली दोन खाती, कपाटातलं आणि कंपनीतलं, कोणीतरी सातासमुद्रापलीकडे आधीच एकत्र करून ठेवली होती. त्या दिवसापासून ते इसबगोलकडे जास्त आदराने बघतात.

काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "म्हणजे यांच्या पोटावर जो खर्च झाला," त्या म्हणाल्या, "त्यातून आत्तापर्यंत एखादी संशोधनशाळा आपलीही व्हायला हवी होती."

आप्पा बीचमच्या बाजूने असले तरी जाहिरातबाज वैद्यांच्या बाजूने नाहीत, हे इथे सांगायला हवं. लोणावळा लोकलने जाताना रुळांकाठच्या भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ असं रंगवलेलं दिसतं, ते आप्पा मोठ्याने वाचतात आणि निकाल देतात. यासाठी त्यांना एक कायदा पाठ आहे. एचए स्थापन झाली त्याच १९५४ साली ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमिडीज’चा कायदा आला. अमुक आजार बरा करतो अशी जाहिरातच करायची नाही, अशी आजारांची यादी त्याला जोडलेली आहे. यादीत चोपन्न नोंदी. "चोपन्न साली चोपन्न आजार. अर्धी माळ," आप्पा म्हणतात. मग आकुर्डी ते चिंचवड ही तपासणी चालू: "मधुमेह, यादीत. लकवा, यादीत. मोतीबिंदू, यादीत. उंची वाढवा? तेही यादीत!" डब्यातली उंचीने कमी माणसं उगाच सावरून बसतात.

पुणे–नाशिक रस्त्यावर, मोशी सोडून चाकणकडे निघालं की कधीमधी एक तंबू लागतो. बाहेर ‘खानदानी दवाखाना’ असा फलक, आत काचेच्या बरण्यांत मुळ्या, साली, पिवळ्या पाण्यात काहीतरी वेटोळं, भिंतीला मानवी देहाचा नकाशा आणि पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. वैद्यराज नाडी बघतात आणि सगळ्या पुरुषांना एकच कमजोरी सांगतात. मुलाच्या स्कूटरवरून जाताना तंबू दिसला की आप्पा थांबायला लावतात. हात मागे बांधून सगळं ऐकून घेतात. नाडीही देतात.

"बाबूजी, गुर्दा कमजोर है," वैद्यराज म्हणाले.

"किती टक्के?" आप्पा.

वैद्यराजांनी पुडी पुढे केली. आप्पांनी चष्मा काढून पुडीच्या चारी बाजू पाहिल्या. "बॅच नंबर?"

"खानदानी दवा है, बाबूजी."

"तो खानदान का बॅच नंबर होगा ना? बनाया कब? एक्सपायरी?"

रांगेत मागे उभा असलेला फाउंड्रीतला एक तरुण कामगार हे ऐकत होता. त्याने हळूच नोटा खिशात परत घातल्या. आप्पा त्याला बाजूला घेऊन विचारत होते, "होतं काय नेमकं तुला?" त्याचं दुखणं निघालं ते असं: नाईट शिफ्ट, खोलीत सहा जण, झोप नाही, घरची आठवण. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि ईएसआयच्या दवाखान्यात दाखवून घे म्हणून सांगितलं. खिशातली बामाची डबीही दिली, अर्थात. एक बोट, कानशिलावर, झोपताना.

आप्पांचं तत्त्वज्ञान एकदा त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं. "हृदयाला खातं आहे," ते म्हणाले. "किडनीला आहे. मेंदूला तर दोन आहेत. पण सकाळी उठल्यावर अंग जड आहे, तोंडाला चव नाही, ढेकर येतो येतो म्हणतो आणि येत नाही, खांदा दुखतो असंही नाही पण आहे याची आठवण देतो, हे घेऊन माणसाने कुठे जायचं? डॉक्टर म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आहे रे, पण मला जरा बरं नाही! या ‘जरा बरं नाही’ला कुठल्याच इस्पितळात खिडकी नाही. ते खातं माझ्याकडे."

मला वाटतं, होलोवे-बीचम मंडळींनी दुकान थाटलं ते नेमकं याच मोकळ्या जागेवर. माणसाच्या आयुष्यात खरं आजारपण थोडं आणि ‘जरा बरं नाही’ फार. त्यांचा गुन्हा इतकाच की ते त्या जागेवर थांबले नाहीत. जिथे सुंठ-साबण चाललं तिथून ते क्षयावर गेले, पटकीवर गेले, मिळेल त्या खात्यात शिरले. आप्पांचं मोठेपण असेल तर ते हे, की आपल्या खात्याची भिंत कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

भिंतीपलीकडे त्यांच्याइतका कर्मठ माणूस नाही. पाच दिवसांच्या गोळ्या कोणी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडल्या तर आप्पा त्याच्याशी बोलणं सोडतात. "अर्धे जंतू मेले, उरलेले शहाणे होऊन सुटले! आम्ही तिकडे रात्री जागवल्या त्या तू जंतूंना शिकवण्या लावाव्यास म्हणून?" सर्दीला कोणी अँटिबायोटिक मागितलं तर त्याहून वाईट. "सर्दी व्हायरसची. पेनिसिलिन तिच्याकडे ढुंकून बघत नाही. हे घे निलगिरी." साखरेच्या गोळ्या बंद करून कुणा महाराजांचं चूर्ण सुरू करणाऱ्या एका पाहुण्यांना त्यांनी भर बारशात यादीतला आजार दाखवून दिला. पाहुणे पेढा न घेता गेले. "चांगलंच झालं," आप्पा म्हणाले.

आणि ती डिसेंबरची रात्र. तळमजल्यावरचा लेथवर काम करणारा शेजारी सेकंड शिफ्ट करून आला आणि साडेबाराला आप्पांचं दार वाजवलं. "आप्पा, छातीत जळजळतंय. इनो आहे का?" आप्पांचा हात सवयीने मधल्या फळीकडे गेला. इनोची पुडी हातात आली. मग त्यांनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. थंडीत घाम.

"डावा हात?"

"जरा भरून आलाय."

आप्पांनी पुडी परत ठेवली. "हे माझं खातं नाही," ते म्हणाले, आणि लुंगीवरच, पायात वेगवेगळ्या चपला घालून, त्याला रिक्षात बसवून यशवंतराव चव्हाण रुग्णालयात घेऊन गेले. पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिले. शेजारच्या बाकावरच्या बाईला मान अवघडल्याचं कळल्यावर बाम देण्याचा मोह त्यांनी कसा आवरला ते त्यांनाच माहीत. महिन्याभराने शेजारी पेढे घेऊन आला, पाया पडला. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "बाकी पोट साफ होतंय ना?"

त्यांच्या खात्यावर खरं संकट आलं ते घरातूनच. सून चाकणला गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. तिच्या कारखान्यात ‘फाइव्ह एस’ चालतं: नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा, पुसा, आणि रोज करा. एका रविवारी तिने ते आप्पांच्या कपाटाला लावलं. ज्याची मुदत संपली त्याला लाल टॅग. दुपारपर्यंत कप्पा लालेलाल झाला. एका बामावर २००९ची मुदत निघाली.

"आप्पा, तुम्ही साऱ्या जगाला एक्सपायरी विचारता," ती म्हणाली.

"बामाला कसली एक्सपायरी? वास येतोय ना?"

"येतोय. पण बामाचा नाही."

आप्पा युनियनमध्ये घडलेले. ते बाह्या सरसावून उभे राहिले. "नोटीस न देता कामावरून काढता येत नाही. आधी चौकशी बसवा." चौकशी बसली. काकू चौकशी अधिकारी. प्रत्येक बाटलीची सेवा किती, गैरहजेरी किती, पूर्वीचा ठपका काही आहे का, हे पाहिलं गेलं. निकाल असा लागला: तीन सिरपना व्हीआरएस, दोन मलमांना तडकाफडकी बडतर्फी, आणि २००९च्या बामाला ‘आता फक्त वास घेण्यासाठी’ म्हणून हलक्या कामावर बदली. सून समाधानाने सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा तिची मान अवघडली होती, संगणकासमोर दिवसभर बसून. आप्पांनी काही न बोलता महानारायण तेल गरम केलं आणि काकूंकडे दिलं. मंगळवारपासून कपाटाला पुन्हा कोणी टॅग लावला नाही.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा, हिंजवडीला जाणारा मुलगा एक सुंदर खोकं घेऊन आप्पांकडे आला. केस गळतात म्हणून त्याने फोनवर एक प्रश्नावली भरली होती. झोप किती, ताण किती, वडिलांना टक्कल आहे का, सगळं विचारलं. तिकडच्या न दिसलेल्या डॉक्टरने त्याच्यासाठी ‘खास’ औषधं पाठवली होती; दर महिन्याला पैसे आपोआप कापले जाणार होते. आप्पांनी खोकं उलटंसुलटं केलं. बॅच नंबर होता. मुदत होती. त्यांनी मान डोलावली. घटकद्रव्यं वाचली: माका, आवळा, ब्राह्मी, अश्वगंधा. मग किंमत वाचली. डोळे मिटले. मी श्वास रोखून वाट बघत होतो.

"एकशे आठपर्यंत नाही गेलाय अजून," ते म्हणाले. "पण मुलगा होतकरू आहे."

मग त्याला जवळ बसवलं. किती वाजता झोपतोस? दोनला. जेवतोस काय? जे येईल ते. घरी फोन करतोस? रविवारी, जमलं तर. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. काकूंनी त्याला वरण-भात वाढला. उठताना आप्पांनी कपाटातून एक काळपट तेलाची बाटली काढून त्याच्या हातात ठेवली. "रात्री बाराच्या आत झोपायचं. आणि झोपताना हे, एक झाकण, मुळाशी."

मुलगा तयारीचा निघाला. त्याने बाटली उजेडात धरली, चारी बाजूंनी फिरवली. लेबल नव्हतं. "आप्पा, बॅच नंबर?"

आप्पांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"खानदानी आहे," ते म्हणाले.